भावोजींचा उजवा हात

हसन तांडेल कोर्टाच्या पायरीवर येऊन उभा राहिला तेव्हाच मी काय ते समजलो. हा नाटे गावचा माणूस, होडी घेऊन बंदरात आला की अक्काच्या घरी डोकावल्याशिवाय परत जायचा नाही. त्या दिवशीही सकाळी तो भावोजींना बघायला गेला होता. "बाळूभाऊ, घराकडं चला," एवढंच तो म्हणाला आणि खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसत बाजूला झाला. कारकुनाने साहेबाला विचारल्याशिवाय जागा सोडायची नसते, पण मी तसाच उठलो. फाल्गुन सरत आला होता, रस्ता तापला होता. त्याला आता दोन महिने होत आले. भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान सदाशिवराव, रत्नागिरीच्या दवाखान्यात हाडांचे फोटो काढायचे. त्यांच्याविषयी चार शब्द लिहा असं पुष्कळांनी सांगितलं. लिहायला बसलो की राग येतो. कोणाचा ते नीट सांगता येत नाही, म्हणून इतके दिवस टाळलं.

मुंबईत पैसा केलेल्या आमच्याकडच्या एका शेटजींनी गावासाठी दवाखाना बांधला आणि हौसेने त्यात क्ष-किरणांचं यंत्र आणून बसवलं. आवारात ऑइल इंजिन धडधडायला लागलं की पोरंटोरं गोळा व्हायची. यंत्र चालवायला माणूस हवा होता. भावोजी तिथेच कंपाउंडर होते आणि हाताने भारी कुशल. हापूसची कलमं बांधण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या पंचक्रोशीत कोणी नव्हता. मुंबईहून आलेल्या माणसाने त्यांना आठवडाभर शिकवलं आणि तो बोटीने परत गेला. तेव्हापासून रोज सकाळी इंजिन सुरू झालं की भावोजी खोली अंधारी करायचे आणि यंत्राच्या चमकत्या पडद्यामागे स्वतःचा उजवा हात धरायचे. हाताची हाडं स्वच्छ दिसली की यंत्र जमलं. हीच त्यांची परीक्षा, आणि शिकवणाऱ्यानेही त्यांना असंच शिकवलं होतं.

पण तो हात दिवसातून एकदाच आत गेला असता तर गोष्ट वेगळी होती. आमची माणसं त्या यंत्राला घाबरायची. हसन तांडेल पहिल्यांदा आला तो मनगट मोडून. एवढा वादळातून होडी काढणारा गडी, पण अंधारात ती निळी-हिरवी चमक बघून दारापाशी अडून बसला. "मी नाय हात घालनार त्यात. तुमचा घाला आधी," म्हणाला. भावोजी हसले. "हा बघ, घातला! हाडं बघ माझी, मासळीच्या काट्यासारखी दिसतायत की नाही?" हसन वाकून बघायला लागला, आणि बघता बघता त्याचाही हात आत आला. मग ही रीतच पडली. बाई असो, मूल असो, खलाशी असो, आधी भावोजींचा हात आत आणि मग दुखणाऱ्याचा. यंत्राबरोबर शिशाचे जाड हातमोजेही आले होते. भावोजींनी ते कपाटात ठेवून दिले आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांना बुरशी आली. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अरे बाळू, ते घालून मी समोर उभा राहिलो, तर माणूस म्हणेल ह्यालाच भीती वाटते, मग माझं कसं व्हायचं?" मला ते पटलं. कोणालाही पटलं असतं.

काही वर्षांनी त्यांचा हात बिघडला. आधी बोटांवरची कातडी लाल आणि कोरडी झाली, नखं ठिसूळ झाली, मग सांध्यांवर भेगा पडल्या. आता ज्याचा जन्म आंब्याखाली गेला आहे त्याला ह्यात नवल काय वाटणार? दर वैशाखात आमच्याकडे निम्म्या गावाचे हात चिकाने उततात, लाल होऊन फुटतात. देठ तुटला की आंब्यातून जो चीक उडतो तो कातडी भाजून काढतो. भावोजी दरवर्षी आंब्याच्या हंगामात महिना-दीड महिना रजा घ्यायचे आणि दिवसभर बागेत असायचे. स्वतः घळ, म्हणजे जाळी लावलेली लांब काठी, घेऊन आंबे उतरवायचे, आढी लावायचे, पेट्या भरायचे. तेव्हा अक्काने ठरवलं, हा चीकच. खोबरेल झालं, कोकमाचं तेल झालं, कडुनिंबाचा पाला झाला. पावसाळा आला तरी हात सुकेना, तेव्हा शेजारणींनी सांगितलं की चीक आत भिनलाय. आम्ही माना डोलावल्या.

एका माणसाला शंका आली होती, हे मला लिहिलंच पाहिजे. दवाखान्यात नवे डॉक्टर आले होते, साताऱ्याकडचे, वयाने लहान. त्यांनी एक दिवस भावोजींचा हात उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "सदाशिवराव, हे यंत्रामुळे तर नसेल? मी कुठेतरी वाचलंय..." मी तिथेच होतो, औषधाची बाटली घ्यायला आलो होतो. भावोजी मोठ्याने हसले. "डॉक्टरसाहेब, तुम्ही घाटावरची माणसं! चिकाचं उतणं तुम्हाला काय ठाऊक? एक वैशाख काढा आमच्याकडे, मग सांगा." बाकावर बसलेले दोन बागाईतदार हसले, झाडूवाली हसली, मीही हसलो. डॉक्टर बिचारे लाजले. नवीन माणूस, परका मुलूख... त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. आंब्याच्या बाबतीत रत्नागिरीकराला कोणी शिकवायला गेलं की आम्हाला दुसरं काही ऐकूच येत नाही.

पुढच्या हंगामात अक्काने जाहीर केलं, "बागेत पाऊल टाकाल तर माझी शपथ आहे." भावोजींनी आधी चेष्टा केली, मग विनवण्या केल्या, मग गप्प बसले. अक्काच्या शपथेपुढे त्यांचं कधी काही चाललं नाही. ते बागेच्या दगडी गडग्याच्या अलीकडे उभे राहून गड्यांना ओरडायचे, "अरे देठ ठेवून काढ! मेल्या, झोडपतोस काय?" आणि आम्ही त्यांना हसायचो. बागेत जायचं नाही तर घरी बसून काय करायचं? म्हणून त्यांनी त्या वर्षी रजाच घेतली नाही. पुढच्या वर्षीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आम्हाला वाटायचं, बरं झालं, हाताला आराम मिळतोय. दवाखान्यात काय, सावलीतलं काम!

गेल्या दिवाळीनंतर मधल्या बोटावरची जखम वाढून फुलल्यासारखी दिसायला लागली, तेव्हा त्याच डॉक्टरांनी कोणाचं न ऐकता मुंबईला चिठ्ठी दिली. अक्का आणि मी त्यांना बोटीने घेऊन गेलो. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी हात पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो यंत्राचाच. रोज किती वेळ, हातमोजे होते का, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "ह्या किरणांचा घाव आधी दिसत नाही, आत साठत जातो. आता हा कर्करोग आहे. मधे कधी यंत्रापासून लांब राहत होतात का?"

"आंब्याच्या दिवसांत," भावोजी म्हणाले. "महिना-दीड महिना. अलीकडे तेही नाही."

"वर्षातून तेवढाच त्या हाताला विसावा होता. तो का सोडलात?"

भावोजींनी अक्काकडे पाहिलं नाही. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "कंटाळा आला होता हो बागेचा." आयुष्यात मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे एकमेव खोटं.

आधी दोन बोटं काढली, मग कोपराखाली हात. तोवर काखेत गाठ आली होती. मुंबईला राहण्यात अर्थ नव्हता, म्हणून पौषात परत आलो. कलमं मोहरली होती. एका संध्याकाळी अक्काने स्वतः त्यांना धरून बागेत नेलं, मोठ्या कलमाखाली चटई टाकली. मी मागून पाण्याचा तांब्या घेऊन गेलो. भावोजी मोहराकडे बघत होते. डावा हात उचलून त्यांनी एक फांदी खाली ओढली, वास घेतला आणि हळूच, जणू स्वतःशीच, म्हणाले, "म्हणजे मी इथे येऊ शकत होतो..." अक्का पदर तोंडात कोंबून उभी राहिली. तिला रडायला येत होतं आणि ती रडत नव्हती. मी तांब्या खाली ठेवून निघून आलो, मला ते बघवेना.

दवाखान्यात आता नवा माणूस आहे. डॉक्टरांनी नवे हातमोजे मागवले आहेत आणि ते घातल्याशिवाय त्याला यंत्राजवळ उभं करत नाहीत. पडद्यामागे हात धरायचा नाही अशी सक्त ताकीद आहे. खेड्यातली माणसं अजून दारात अडून बसतात, त्यांना समजावण्यात अर्धा दिवस जातो. जाऊ दे. अर्धा दिवस गेला तर गेला.

भावोजी हंगामाच्या तोंडाशी गेले. यंदा आंबे कोण उतरवणार असं मी विचारलं तेव्हा अक्का म्हणाली, "मी." गड्यांना तिने पेट्यांवर बसवलं आणि स्वतः घळ हातात घेतली. बाईमाणसाने घळ धरलेली आमच्या आळीने पहिल्यांदाच पाहिली. मागच्या आठवड्यात मी गेलो तर ती पडवीत बसली होती आणि दोन्ही हात मनगटापर्यंत उतले होते, लालभडक. मी धावत जाऊन खोबरेलाची वाटी आणली. तिने ती बाजूला सारली. "राहू दे रे. चीक आहे हा, खरा चीक. चार दिवसांत सुकेल बघ." मग हात उलटेपालटे करून बघत म्हणाली, "इतकं साधं असतं हे, बाळू. चार दिवसांत सुकतं. त्यांचं सुकत नव्हतं, आणि मी दर वर्षी त्यांना बागेतून हाकलून त्या यंत्रापुढे पाठवत होते."

आणि मग ती रडली. ते गेले त्या दिवशीही रडली नव्हती. मी तिच्याजवळ बसून राहिलो. त्या दिवशी डॉक्टरांना हसलो तर आम्ही सगळेच होतो.