हौसाने अडवलेलं पाणी

मला लिहिण्याची सवय नाही. हौसाबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून जमेल तसं लिहितो.

१९५४ साली पाय मोडून मी पनवेलच्या एका लहान खाजगी दवाखान्यात पडून होतो. माझ्या खाटेसमोर कोपऱ्यातली खोली होती. करंजाड्याच्या तुळशीरामला बैलगाडीतून आणून तिथे ठेवलं. मिठागरात पायात गंजका खिळा गेला होता, त्याचा धनुर्वात झाला. दातखीळ बसलेली. जरा दार वाजलं की अंग ताणायचं आणि श्वास अडकायचा. डॉक्टरांनी खिडक्यांना काळी कापडं लावली, त्याला गुंगीत ठेवलं, नाकातून नळी घातली आणि त्याच्या बायकोला, हौसाला, बजावलं, "तोंडाने थेंबभरही द्यायचं नाही. श्वासनळीत गेलं तर संपलं."

"वाचंल ना?"

"असे बहुतेक वाचत नाहीत, बाई."

"बहुतेक म्हंजे सगले नाय ना?"

हौसा खोलीच्या दाराशी जी बसली, ती बसलीच.

दोन दिवसांनी दुपारी गावची माणसं आली. पुढे थोरला दीर काळूराम, मागे सासू भामा. भामाच्या हातात गंगाजळ घातलेला तांब्या होता, वर तुळशीचं पान. शेवटचं पाणी तोंडात घालायचं आणि घरी न्यायचं, हे ठरवूनच ती मंडळी आली होती. बायकांचे पदर डोळ्यांना लागले होते.

हौसा उठली. दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. एरवी तिची हाक अख्ख्या मिठागरात ऐकू जायची म्हणे. इथे ती कुजबुजली, "जी रडंल तिला भाईर काढीन. आवाज झाला का तो जायल."

"सर गो," काळूराम म्हणाला. "आमी घरचे हाव. तू कोन अडवनारी?"

"त्याची बायको. आनि भावजी, घरचे हाव तं हलू बोला."

भामाने तांब्या पुढे केला. "माझा पोर तान्हेला जायल गो. पानी नाय मिललं तं जीव अडकंल त्याचा."

"अडकू दे, आय. मला अडकलेलाच पायजे. सुटलेला नको."

काळूरामने तिचा दंड धरला. ती ओरडली नाही, सरळ त्याच्या मनगटाला चावली. आत खाट करकरली. काळूरामनेही ओरडणं गिळलं आणि हात झटकत मागे सरला.

भामाने आत बघितलं आणि तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "मेला तं तुझ्या माथी."

"माझ्या माथी. आता बस."

म्हातारी तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. बाकीचे चपला हातात घेऊन गेले.

तुळशीरामचा जबडा सुटायला महिना लागला. झटक्यांनी त्याच्या पाठीचे मणके दबले होते. तो वाकूनच चालायचा, मिठागराचं काम त्याला पुन्हा जमलं नाही. हौसाने एकटीने ते ओढलं.

पुढे एकदा पनवेलच्या बाजारात ती दिसली. तुळशीराम मागून सावकाश येत होता. तिथेच उभा असलेला काळूराम तिला ऐकू जाईल असं कुणाला तरी म्हणाला, "एवढं भांडून आनला तो अर्धाच."

हौसा डोक्यावरची पाटी सावरत वळली.

"तुमी सबंध नेत व्हतात, भावजी. खांद्यावर."