सायलेन्सरचा काळा रंग

इतकी वर्षं लोटली, तरी ते प्रकरण माझ्या मनातून गेलेलं नाही. सत्तर सालानंतरची गोष्ट. काष्टीच्या बाजूला एका ठाण्यात मी फौजदार होतो. बांधाच्या भांडणातून एका शेतकऱ्याचा त्याच्याच भावबंदांनी खून केला होता. पाहणारी एकटी त्याची बायको. खटला नगरच्या सेशन कोर्टात उभा राहिला, तेव्हा आरोपी जामिनावर मोकळे होते.

तिच्या साक्षीच्या आदल्या दिवशी हवालदार तिला आणायला गेला, तर घराला कुलूप. आरोपींनी तिला संपवलं, असंच आम्ही धरून चाललो. शिपाई त्यांच्या वस्तीवर धाडले. एवढ्यात बाजारातल्या चहावाल्याने हवालदाराच्या कानावर घातलं, "काल ती बाई फटफटीवर मागं बसून गेली. सायलेन्सर लई चकचकीत हुता, आरशावानी."

त्या भागात फटफट्या मोजक्याच. तसा सायलेन्सर एकाचाच, तिच्या सख्ख्या भावाचा. वाटेत निसटू नये म्हणून गाडी टेम्पोत घालून त्याला ठाण्यात आणलं. सायलेन्सर आता काळा कुळकुळीत होता. साखर कारखान्यात बॉयलरच्या नळ्यांना देतात तो, उष्णता सोसणारा रंग.

"रंग कधी दिलास?"

"दिवाळीच्या आधी, साहेब. गंज चढला हुता. तवापास्नं रोज फिरवतोय."

माझ्या स्वतःच्या मोटारसायकलला मी तोच रंग दिलेला होता. पहिल्यांदा तापला की तो धूर सोडतो, उग्र वास मारतो. एकदा भाजून पक्का झाला की पुन्हा नाही. मी ठाण्याच्या आवारातच गाडी सुरू केली. थोड्याच वेळात सायलेन्सरवरून धूर निघाला आणि शिपाई नाक धरून मागे सरले.

"रंग दिल्यावर ही गाडी आज पहिल्यांदा तापतेय. काल बहिणीला नेलंस आणि परत येऊन रंग फासलास. जिवंत आहे का ती?"

 दरडावून पाहिलं, उपयोग झाला नाही. शेवटी सगळ्यांना बाहेर काढलं आणि विचारलं, "कुणाला भितोस?"

त्याचा बांध फुटला. "मळ्यात येऊन सांगून गेलेत, ती कोर्टात गेली तर तिची तिरडी बांधू. म्हनून लपवली. फटफटीवरनं माग काढतील म्हनून रंग दिला. तुमी उद्या बंदोबस्त द्याल, साहेब. पन त्याच्यानंतर?"

"जन्मभराचं वचन मला देता येणार नाही. पण ती आली नाही तर ते निर्दोष सुटतील. मग तिला कोण वाचवणार आहे?"

 तो उठला आणि वाट दाखवत आमच्यापुढे निघाला.

उसाच्या फडात एक कोपी होती, ऊसतोड्यांची पाचटाची झोपडी. दाराला बाहेरून कडी. उघडताच ती बाई भावावरच धावून गेली. "मला कोंडतोस, दादा? माझ्या डोळ्यांदेखत मालकाला मारलं त्यांनी. मी न्हाई बोलायचं, तर कुनी बोलायचं?"

तो लहान मुलासारखा रडत होता.

त्या रात्रीचा मुक्काम तिने आमच्या क्वार्टरमध्ये केला. सकाळी कोर्टाच्या फाटकात आरोपींची माणसं उभी होती. ती थबकली. तेव्हा तिला कोंडणारा भाऊच पुढे झाला आणि तिला पाठीशी घेऊन त्यांच्यामधून चालत गेला. तिची साक्ष उलटतपासातही हलली नाही. आरोपींना जन्मठेप झाली. भावाविरुद्ध तिने तक्रार दिली नाही.

खोटं बोलणारा माणूस गुन्हेगारच असतो, असं मी तोवर मानत होतो. पुढे नोकरीत कुणी खोटं बोलताना सापडला, की काय लपवतोस हे मी नंतर विचारी. आधी विचारी, कुणाला भितोस. पुष्कळदा दुसरा प्रश्न विचारावाच लागला नाही.