जावेचा चपटा आंबा
आढीतल्या पिकत्या आंब्यांचा वास आला की मला साठ सालाच्या आसपासचा, नव्या संसारातला एक उन्हाळा आठवतो. तारकर्लीच्या आमच्या घरामागे रायवळ आंब्याची दोन झाडं होती, एक थोरल्या जावेच्या वाट्याचं आणि एक माझ्या. तिचा आंबा चपटा, पातळ कोयीचा आणि साखरेसारखा गोड; येणारा-जाणारा त्याचंच कौतुक करायचा आणि माझ्या पोटात दुखायचं. त्या वर्षी बागायतदारांना द्यायच्या कलमांसाठी झाड निवडायला कुडाळहून शेतकी अधिकारी आले. ताटात फळं मांडायला मी होते. माझे चांगले पिकलेले आंबे मी निवडून ठेवले आणि जावेचे मुद्दाम अर्धेकच्चे. अधिकाऱ्यांनी तिच्या आंब्याची फोड तोंडात घातली आणि डोळे मिटले. “अहो, हा तर आंबट आहे!” जावेनेही एक फोड चाखली, माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “होय साहेब, माझो आंबटच आसा. आमच्या धाकलेचोच घेवा.” वहीत माझ्या झाडाची नोंद झाली. तरीही त्या क्षणी मला तिचाच हेवा वाटला, आणि आता ऐंशी ओलांडल्यावरही तो गेलेला नाही. तिच्या जागी मी असते, तर ओरडून सगळं सांगितलं असतं.