देहाला ताण

उत्तम बोडखे हा देवमाणूस आहे, असं सौंसरच्या बसस्टँडवर कोणीही सांगेल. सरलाला मात्र कोणी विचारत नाही. ती त्याची बायको, आणि बायकोला विचारत बसलं तर कोणत्या माणसाचं देवपण टिकेल?

पूर्वीचा उत्तम तिला पक्का आठवतो. संत्र्याचा बगीचा भरघोस, तोंडात तंबाखूचा खर्रा, संध्याकाळी दारू, आणि दारूनंतर हात. मग गावातल्या कोणीतरी त्याला येशूच्या मंडळीत नेलं आणि खरोखरच नवल घडलं. दारू सुटली, हात थांबला. सरलाही गेली, तीही हात थांबण्याच्या आधी, आणि त्याच्यामागून फरपटत नव्हे. पहिल्याच प्रार्थनेला तिथल्या बायकांनी तिच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं, एक शब्द विचारला नाही, नुसतं सरकून आपल्यात बसवून घेतलं. जिथं असं बसवून घेतात तो देव आपला, असं तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. बाप्तिस्मा तिनं नवऱ्याच्या आधी घेतला.

पुढची भानगड मात्र उत्तमच्या डोक्यात झाली. देहाप्रमाणे नाही, आत्म्याप्रमाणे जगा, असं मंडळीच्या पाळकांनी एका रविवारी उपदेशात समजावून सांगितलं. ऐकणारा पडला संत्रेवाला. बहार धरायचा तर संत्र्याला ताण देतात, म्हणजे पाणी बंद करतात. पानं मलूल होऊन गळू लागली की मग पाणी सोडायचं, आणि झाड फुलांनी लदबदतं. उत्तमला वाटलं, हेच ते! देहाला ताण द्यायचा, म्हणजे आत्मा फुलेल.

त्यानं चहा सोडला, साखर सोडली, गादी सोडली. एकट्यानं सोडलं असतं तर कोणाच्या बापाचं काय गेलं असतं? पण त्यानं सारं घरच ताणावर धरलं. भाजीवर तेल दिसलं की देह. सरला शेजारणीशी हसली की देह. दुपारी तिचा डोळा लागला की देह. त्याचा स्वतःचा राग तेवढा आत्म्याचा. पाळकांनी एकदा त्याला बाजूला घेऊन सांगून पाहिलं, “उत्तमराव, उपास तुमचा तुम्ही करा, घरच्यांवर लादू नका.” त्यावर उत्तम आठवडाभर पाळकांशीच बोलला नाही.

अशात तिगावहून सरलाच्या भावाचा, राजूचा फोन आला. “बाई, माय लय थकली. काही खाऊन नाही राहिली. म्हणते, सरलाच्या हातच्या कण्या पाहिजे.”

सरला तशीच बगीच्यात गेली. “मी तिगावले जातो. मायचं काही खरं नाही.”

उत्तमनं मान वर केली नाही. “ते देहाचं नातं हाय. आपलं खरं घर आता मंडळी. तिथं गेली का ते लोक तुले पुन्हा मागं ओढतीन. उपास धर, इथूनच प्रार्थना कर.”

आणि सरलानं ऐकलं! याचा राग करावा तेवढा थोडा. पण तिलाही मनातून वाटत होतं, की खरंच हा देवाचं बोलत असेल तर? तिनं उपास धरला. गुडघे टेकून मायसाठी शब्द शोधू लागली आणि दर वेळी नवऱ्याला शिव्याच सुचू लागल्या. इतका द्वेष तिनं मार खातानाही केला नव्हता. मारणाऱ्याला निदान मनातल्या मनात वाईट म्हणता येत होतं. आता मध्ये देव उभा होता.

राजूचा पुन्हा फोन आला. माय आता पाणीही थुंकून टाकत होती. सरलानं फोन ठेवला, ज्वारी जाडसर भरडून फडक्यात बांधली आणि चप्पल घातली.

“कुठं चालली?” उत्तम दारात आडवा झाला.

“मायकडं. बगीच्याले एवढा ताण देता का तुमी? वाळून जाईन सारा. पाणी कवा सोडा लागते, हे मी सांगू तुमाले?”

ती त्याच्या हाताखालून बाहेर पडली. तिगावला नेणाऱ्या पांढुर्ण्याच्या बसमध्ये तिला रडू आलं नाही, नुसता संताप येत राहिला.

माय, देवकाबाई, खाटेला चिकटून गेली होती. जीभ मात्र शाबूत. “आता आली? तुहा नवा देव सोडत नव्हता का तुले?”

“देव सोडत होता, माय. नवरा सोडत नव्हता.”

सरलानं पातळ कण्या शिजवल्या आणि चमच्यानं भरवू लागली. मायनं तोंड उघडलं, गिळलं, पुन्हा उघडलं. राजू भिंतीला टेकून ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी माय कण्या खात असतानाच उत्तम दारात येऊन उभा राहिला. उपासानं गाल बसलेले. “चाल घरी. साऱ्या मंडळीत मान खाली गेली माझी.”

“माय हाय तवर मी हलत नाही.”

“उठ म्हणतो ना!” आणि इतक्या वर्षांनी त्याचा हात वर गेला. राजू धावला. सरलानं त्याला अडवलं, चमचा वाटीत ठेवला आणि गाल पुढे केला.

“मारा. आज तरी खरे दिसून राहिले तुमी.”

हात तसाच वर राहिला. उत्तमनं त्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कोणाचा असावा. मग हळूच खाली घेतला. “मी बदललो नाही का व, सरला?”

खोटं बोलून सुटता आलं असतं. “दारू तेवढी सुटली,” ती म्हणाली. “बाकी सारं तसंच हाय.”

तो दाराला धरून खाली बसला. जाऊ दे असाच उपाशी सौंसरपर्यंत, असं तिला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. तरी ती उठली, थाळीत कण्या वाढल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या.

“माफ नाही केलं मी तुमाले. ते मले जमून नाही राहिलं, देवाले तसं सांगितलं हाय. पण खाऊन घ्या.”

उत्तमनं डोळे मिटले नाहीत, प्रार्थना केली नाही. मघाशी उगारलेल्याच हातानं त्यानं पहिला घास उचलला आणि तोंडात घातला.