मिक्सरचं झाकण आणि कॉमर्सची गुणपत्रिका

माझ्या नणंदेच्या मुलीइतकं भित्रं माणूस अख्ख्या वटार गावात जन्मलं नसेल, आणि विमान चालवायचा परवाना गावात आहे तो फक्त तिच्याचकडे. आता बोला. आमच्या वाडीतली विहीर ती दहा हात लांबून बघते. कोंबडी अंगावर आली की खाटेवर चढते. केळीत जायचं तर मला पुढे घालते आणि आपण पदर धरून मागे. एकदा मी विचारलं, "अगं, आभाळात एवढं धूड घेऊन जातेस तेव्हा काय करतेस?" तर म्हणते, "तिथे कोंबड्या नसतात, मामी."

कॉलेजपासून ती आमच्याकडेच राहायला. विमान शिकून आली ती एक खोड घेऊन. तिथे म्हणे एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने हात लावून बघायचं, उत्तर द्यायचं, मगच यंत्र सुरू. ते तिने माझ्या स्वयंपाकघरात आणलं. वाटण करायला घेतलं की ही शेजारी उभी. मी म्हणायचं, "झाकण?" तिने म्हणायचं, "लावलं." "बोटं?" "बाहेर." मग बटण. पाहुण्यांसमोर लाज जायची, पण खरं सांगते, तेव्हापासून भिंतीवर चटणी उडालेली नाही.

तिची खरी भीती मात्र एका कागदाची. दहावीनंतर सायन्सला घाबरून ती कॉमर्सला गेली. पुढे विमानाचं वेड लागलं. त्याला बारावीचं फिजिक्स आणि गणित लागतं, म्हणून पंपाच्या खोलीत बसून अभ्यास केला आणि मुक्त शाळेतून ते दोन विषय नव्याने दिले. पास झाली, परवानाही मिळाला. पण नोकरीच्या दोन मुलाखतींत "आधी कॉमर्स का?" असं विचारलं, बाईसाहेबांची वाचा बसली, दोन्हीकडे नकार. ही तिसरी. हीही गेली तर टाइल्सच्या दुकानात काउंटरवर बसायचं, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

त्या सकाळी मी यादी वाचली, तिने फायलीवर हात ठेवून उत्तरं दिली. "परवाना?" "आहे." "फोन?" "बंद." रिक्षा आली, ती बाहेर पडली, आणि मला ओट्यावर डब्याखाली एक गुणपत्रिका दिसली. म्हटलं, धांदलीत विसरली पोर. धावत जाऊन वळणाऱ्या रिक्षात हात घातला आणि कागद सीटवरच्या फायलीत सारला, अगदी सगळ्यात वर. ती नुसती समोर बघत होती, तिला पत्ताच नाही.

परत आले तर हे ओटीवर. म्हणाले, "कॉमर्सची होती ना? ती तिनं मुद्दाम काढून ठेवलेली."

इंग्रजी मला अक्षर लावून वाचता येतं, पण धावताना कोण अक्षरं लावतं? फोन केला, बंद. बंद आहे ना, हे सकाळी मीच तर विचारलं होतं. "आधी पानी पी," हे म्हणाले. ताटातला भात तसाच राहिला. एका पोरीचं आयुष्य मी आपल्या हाताने फायलीत घालून आले होते. वरून विमान गेलं की वाटे, मलाच शोधत आलंय.

दिवेलागणीला ती आली. ओट्याला टेकली. "मामी, फाईल उघडली तर पहिला कागद तोच."

"मीच घातला गं."

"कळलं. हळद लागलेली त्याला."

"मग?"

"विचारलं, कॉमर्स का? सबब सुचायलाही वेळ नव्हता. सांगून टाकलं, फिजिक्सची भीती वाटायची. म्हणाले, आणि आता? म्हटलं, अजून वाटते, म्हणून सगळं दोनदा बघते. त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, घरीसुद्धा? मग मिक्सरचं सांगितलं."

"हसले असतील."

"बाकीचे हसले. बाई नाही हसल्या."

नोकरी लागली. आता ती लांब दक्षिणेत राहते. सुट्टीवर आली की कोंबडी बघून अजून खाटेवर चढते. जाताना तिची अर्धी भीती मात्र माझ्याकडे ठेवून गेली. वाडीवरून विमान गेलं की ते दिसेनासं होईपर्यंत माझा हातातला विळा थांबतो. आणि वाटण करायला घेतलं की तोंडातून जातंच, "झाकण?" हे ओटीवर, त्यांना ऐकू कमी येतं. थोडी थांबते. मग झाकणावर हात ठेवून मीच म्हणते, "लावलं."