बांधावरची तिवई

"हलू नका बरं का," असं मामा डोंगराला म्हणायचे.

थट्टेनं नव्हे. कॅमेरा तिवईवर बसवायचा, बटण दाबायचं, हात मागं घ्यायचा आणि कॅमेरा आपोआप खटका ओढेपर्यंत समोरच्या डोंगराला मनापासून बजावायचं. जन्म लग्नाचे फोटो काढण्यात गेलेला. नवरा-नवरी, वरमाया, रुसलेले जावई यांना सांगता सांगता ते वाक्य जिभेवर बसलं होतं. डोंगर निमूट ऐकायचा. "गिऱ्हाईक असावं तर असं," मामा म्हणायचे.

कळंबच्या पेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आणि शेजारी त्यांचा स्टुडिओ. मध्ये एक भिंत, तीही नावालाच. सगळी पेठ त्यांना मामा म्हणायची. सख्खे मामा ते कुणाचे, हे मला आजतागायत कळलेलं नाही. वरातीत तेरखेड्याचे फटाके कानाशी फुटत असोत की नाचणारे येऊन अंगावर पडोत, मामांचा फोटो हलायचा नाही. त्यांच्या हाताची पेठेत शपथ घ्यावी, असा तो हात होता.

आणि एक दिवस त्यांनी स्टुडिओला कुलूप लावलं. आता सगळे मोबाईलवरच काढतात, म्हणाले. माणसांचा कंटाळा आला, यापुढं फक्त झाडं, डोंगर आणि आभाळ. सोबतीला एक ट्रायपॉड आणला आणि त्याचं नाव तिवई ठेवलं.

रविवारी दुकान बंद. मग माझी मोटारसायकल, मागं मामा आणि त्यांच्या मांडीवर आडवी तिवई. समोरून येणारा गाडीवाला ती बघून आपण होऊन बाजूला व्हायचा. हॉर्नचा माझा खर्च वाचला, असं मी त्यांना म्हणायचो.

जागेवर पोचल्यावर मात्र माझ्या सबुरीची परीक्षा. आधी उताराकडं दोन पाय, चढाकडं एक. मग प्रत्येक पाय मातीत दाबून बघायचा. मधल्या हुकाला दगडांनी भरलेली पिशवी टांगायची, म्हणजे वाऱ्यानं डुलायला नको. एवढं झाल्यावर काचेतून बघायचे आणि म्हणायचे, जरा डावीकडं पाहिजे. की पुन्हा सगळं पहिल्यापासून. भर दुपारी, लख्ख उन्हात या तिवईची गरज काय, असं मी एकदा चिडून विचारलं. "शास्त्र असतंय ते," म्हणाले आणि उजवा हात खिशात घातला. तुम्ही असतात तर तुमच्या तेव्हाच ध्यानात आलं असतं. हॉटेलात ते हल्ली अर्धाच कप चहा मागवायचे आणि पित्ताचं कारण सांगायचे, हे मी रोज बघत होतो, पण माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

येरमाळ्याच्या वाटेवर एक बांध त्यांच्या मनात भरला होता. समोर कणसांनी निसवलेली ज्वारी, तिच्यापलीकडं डोंगराची रांग आणि कोपऱ्यात एक विहीर. त्या साली गावोगाव नव्या रस्त्याची आवई उठलेली. कुणाच्या रानातून जाणार, याचा पत्ता कुणालाच नव्हता, त्यामुळं धास्ती सगळ्यांनाच. अशा दिवसांत आम्ही बांधावर तीन पायांचं यंत्र उभं केलं, त्याला डोळा लावला आणि वर "जरा डावीकडं" म्हणालो. मोजणीवाले तरी दुसरं काय करतात?

बघता बघता चौघं-पाचजण जमले. सगळ्यांच्या पुढं रानाची मालकीण, सारजामावशी, हातात खुरपं. कुणाच्या हुकमानं मापताव, असं तिनं विचारलं. फोटो काढतोय, असं मामांनी सांगितलं, ते कुणाला पटलं नाही. "डोंगराचा फटू कोण काढतंय? डोंगर काय पळून चाललाय व्हय?" एकजण म्हणाला. मी मध्ये पडलो, तर डोक्यावरच्या हेल्मेटमुळं मीच साहेब ठरलो.

मावशी सरळ तिवईच्या पायाशी बसली. "ही हीर मालकानं अन् म्या मिळून खांदलीय," ती म्हणाली. "आता माझ्यासकट मापा." आवाज चढलेला नव्हता. खुरप्याची मूठ तेवढी घट्ट धरलेली. ती विहीर गेली तर तिच्या नवऱ्याची शेवटची खूण जाणार होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं आणि मला फार वाईट वाटलं.

मामांनाही वाटलं असावं. नुसतं सांगून ही बाई ऐकायची नाही, तिला फोटोच दाखवावा, म्हणून त्यांनी कॅमेरा तिवईवरून काढला आणि तिच्यापुढं धरला. दोन्ही हात थरथर कापत होते. कॅमेरा असा हलत होता की पडद्यावर काय आहे, ते कुणालाच दिसेना. ज्या हाताची पेठेत शपथ, तो हात मी पहिल्यांदाच नीट बघत होतो.

मावशीनं खुरपं खाली ठेवलं, उठली, आणि मामांची मनगटं आपल्या दोन्ही हातांनी धरली. मग पडदा स्थिर झाला. डोंगर, ज्वारी, कोपऱ्यात विहीर. तिनं ते बराच वेळ बघितलं आणि जमलेल्यांकडं वळली.

"ह्यांच्यानं पान्याचा तांब्या धरवंना, हे जमीन कुठली मापत्यात? सरकार असली मानसं न्हाय धाडत."

सगळे हसले. मामा आधी लाजले आणि मग सगळ्यांपेक्षा जास्त हसले.

"तिवई त्याच्यासाठीच व्हय?" तिनं विचारलं.

"व्हय," मामा म्हणाले.

एवढा एक शब्द त्यांना माझ्यापाशी कधी बोलता आला नव्हता. शेवटच्या लग्नातले सगळे फोटो हलले होते, हे त्यांनी परत येताना गाडीवर सांगितलं. नवरीचा बाप एका शब्दानंही बोलला नाही, ते जास्त लागलं होतं.

पण त्याआधी मावशीनं फर्मान काढलं, की आलाच आहात तर विहिरीपाशी माझा फटू काढा. माणसं काढायची नाहीत, हा नेम मामांनी तिथंच मोडला. बटण दाबून मागं सरले आणि सवयीनं म्हणाले, "हलू नका बरं का."

"म्या कशाला हलू? तुमीच हलताव की," मावशी म्हणाली.

त्या दिवशी हॉटेलात मामांनी चहा पूर्ण मागवला. अर्धा बशीत, थोडा सदऱ्यावर सांडला. "सांडतंय माझ्याकडनं," असं पोऱ्याला आधीच सांगून टाकलं. पाठीवरचं पोतं उतरवल्यासारखं त्यांचं तोंड मोकळं झालं होतं.

पुढच्या खेपेला गेलो तर बांधावर तीन चपटे दगड रोवलेले. काळ्या मातीत तिवईचे पाय रुततात, हे मावशीनं हेरलं होतं. मोजणीच्या खुणा कुणी घातल्या म्हणून गावात पुन्हा चर्चा झाली. माझ्याच मोजणीच्या आहेत, असं तिनं ठणकावून सांगितलं. रस्ता शेवटी दुसऱ्याच अंगानं गेला. विहीर जागेवर राहिली, दगडही राहिले.

गेल्या दिवाळीत त्यांच्या मुलीनं मामांना सोलापूरला नेलं. तिथल्या औषधानं बरं वाटतंय म्हणतात. कॅमेरा आणि तिवई माझ्या दुकानात ठेवून गेले. रविवारी मला करमेना, म्हणून एकदा मी एकटाच त्या बांधावर गेलो. तीन दगडांवर तीन पाय ठेवले. मावशी न बोलावता विहिरीपाशी येऊन उभी राहिली आणि मामांचं विचारू लागली. बरे आहेत, म्हणालो. बटण दाबलं, हात मागं घेतला आणि जरा लाजतच म्हणालो, "हलू नका बरं का."

फोटो मामांच्या मोबाईलवर पाठवला. संध्याकाळी त्यांच्या आवाजातला निरोप आला.

"फोटो हललाय. डोंगर हलला न्हाय. मावशी हलली न्हाय. तिवईला धक्का लावून तूच हललास."