केरबाची पाठ आणि युरोपचा कप

केरबा चौगुले हा माणूस मुळात गप्प बसणाऱ्यांतला नव्हेच. कागलच्या बाजूला एका लहान खेड्यात जन्मला, चौथीपर्यंत शिकला, आणि कोल्हापुरात मामाकडं गवंडीकाम शिकायला गेला तो फुटबॉल शिकून आला. तिथं पोरगं पेठेत राहिलं आणि फुटबॉलच्या नादाला लागलं नाही असं होतच नाही. दिवसा मामाच्या हाताखाली विटा भिजवायच्या, संध्याकाळी तालमीच्या पोरांबरोबर धुळीत बॅक म्हणून उभं राहायचं. पायात खेळ बेताचा, पण तोंड असं की पलीकडचा फॉरवर्ड याचं बोलणं ऐकता ऐकता चेंडू विसरायचा. एका सामन्यात त्यानं रेफरीला एवढं ऐकवलं की रेफरीनं शिट्टी गळ्यातनं काढली आणि याच्या हातात दिली. ‘घे, तूच चालव!’ यानं चालवली की हो! आणि पहिला फाऊल दिला तो आपल्याच टीमवर. तालमीतल्या पोरांनी आठवडाभर त्याला पाणी विचारलं नाही.

असा हा केरबा पुढं कतारला गेला. दोह्यात वेस्ट बेकडं समुद्र बुजवून नवी जमीन केलेली, तिच्यावर इमारती उठत होत्या, आणि गिलाव्याला केरबासारखा हात कंपनीला दुसरा मिळत नव्हता. राहायला अल मुंतझामधलं एक जुनं घर. एका खोलीत सहा खाटा, खिडकीत खडखडणारा एसी, आणि कोपऱ्यात खोलीचं दैवत म्हणावं तसा टीव्ही आणि त्याच्याखाली व्हीसीआर.

फुटबॉल तिथं कॅसेटमधनं यायचा. साइटवरचा एक इंजिनिअर साहेब बर्मिंगहॅमचा. त्याच्या गावची टीम ॲस्टन व्हिला, आणि ती त्या साली, एक्याऐंशी-ब्याऐंशीच्या सीझनला, युरोपच्या कपात खेळत होती. साहेबाचा भाऊ तिकडं सामने टेप करून पाठवायचा. साहेबाचं बघून झालं की त्याचा ड्रायव्हर रहमान, याच खोलीतला, ती कॅसेट शुक्रवारी खोलीवर आणायचा. रहमान हैदराबादचा, त्याला फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नसे, पण कॅसेट आपण आणतो म्हणून सगळ्यांत पुढं बसायचा मान त्याचा.

पहिली कॅसेट आली ती आइसलंडच्या टीमबरोबरची. व्हिलानं पाच गोल मारले, आणि एकेका गोलाला केरबा असा ओरडला की शेजारच्या घरातनं दोन पठाण भांडण सोडवायला धावत आले. रहमान कानात बोटं घालून म्हणाला, “मियाँ, वो लोग विलायत में खेल रहे। तुम्हारी आवाज वहाँ नहीं जाती।”

“जाती की न्हाई बघ,” केरबा म्हणाला. “त्या पाच नंबरला आत्ता ऐकू आलं. बघ कसा माघारी पळाला!”

त्यानंतर पंधरवडा झाला नसेल, आणि तार आली. मुक्ताबाई, केरबाची बायको, काविळीनं गेली होती. तार वाटेत कुठं कुठं हिंडून आली होती. ती हातात पडेपर्यंत तिकडं दहाव्याचा कावळाही शिवून गेला होता. फोरमन माणूस बरा, म्हणाला, “जायचं तर कंपनीकडनं पासपोर्ट सोडवून देतो.” केरबा म्हणाला, “आता जाऊन काय करू?” आणि थापी घेऊन परांचीवर चढला. त्या दिवशी त्यानं घातलेला गिलावा हात फिरवून बघावा असा झाला. हीच गोष्ट त्याला स्वतःला बरी वाटली नाही. बायको गेली आणि हात थरथरला कसा नाही?

रडू आलं नाही. भूक लागायची तेव्हा लागली, झोप यायची तेव्हा आली. दात काढताना डॉक्टर सुई टोचतो आणि मग गाल आपला असून आपला राहत नाही, तसा तो अख्खा माणूस झाला होता.

आता त्यांच्या भागातली रीत अशी, की बायको गेलेल्या माणसाचा दुखवटा सासुरवाडीच्या माणसानं काढायचा. मेव्हणा येतो, खांद्यावर टॉवेल टाकतो, डोक्यावर टोपी घालतो, गोड घास भरवतो आणि म्हणतो, ‘उठा पाव्हणं, आता कामाला लागा.’ तोवर गोडधोड नाही, रेडिओ नाही, तमाशा-सिनेमा नाही. गावी तेराव्याला सासुरवाडीची माणसं आली, त्यांनी केरबाच्या भावाला टॉवेल दिला, आणि केरबाची टॉवेल-टोपी ट्रंकेत ठेवून दिली. माणूस दोह्यात आणि टोपी ट्रंकेत. दुखवटा निघावा कसा?

दुसरी कॅसेट आली बर्लिनच्या टीमबरोबरची. खोलीनं ठरवलं, टीव्ही लावायचा नाही. केरबाच म्हणाला, “लावा. तुमची काय बायको गेलीय?” आणि आपली खाट फिरवून भिंतीकडं तोंड करून बसला. खोलीत पाच माणसं टीव्हीकडं बघतात आणि सहाव्याची पाठ! ओरडायची कुणाची छाती होईना. गोल झाला तर पाचही जण तोंडातल्या तोंडात “हूं” करायचे.

रंगनाथ त्याच्या शेजारच्या खाटेवरचा. हा नाशिककडचा इलेक्ट्रिशियन, स्वस्थ बसणं त्याच्या कुंडलीतच नव्हतं. त्याला वाटलं, हा गडी डिवचला की बोलेल. मार्चमध्ये रशियाकडच्या कीव्हच्या टीमला व्हिलानं दोन गोलांनी हरवलं, त्या सामन्यात रंगनाथनं मुद्दाम सगळं उलटं सांगायला सुरुवात केली. “अरे अरे, गोलकीपर चेंडू सोडून प्रेक्षकांना हात करतोय! आता तर रेफरीच कॉर्नर मारतोय राव!” असल्या बोलण्यावर पूर्वीचा केरबा खाटेवरनं उडी मारून आला असता. ती पाठ हलली नाही. रंगनाथचा आवाज आपोआप उतरत गेला आणि त्यानं शेवटी स्वतःच टीव्हीचा आवाजही कमी केला.

त्याच सुमारास, आदल्या साली कप जिंकलेली लिव्हरपूलची टीम बल्गेरियात जाऊन हरली. रहमान बातमी घेऊन आला तेव्हा खोलीतल्या एकानं, “छ्या, सुतकच आलं म्हणायचं!” असं म्हटलं, आणि मग केरबाच्या पाठीकडं बघून असा काही चहा प्यायला लागला की जीभ भाजली.

एप्रिलात बेल्जियमच्या टीमबरोबरची दुसरी मॅच. मधेच एक प्रेक्षक मैदानात घुसला, खेळ थांबला. कॉमेंटरीचा सूर बदलला. आणि भिंतीकडनं आवाज आला, “काय झालं?”

पाचही माना वळल्या. रंगनाथ हळूच म्हणाला, “वळून बघ ना केरबा.”

“नको.”

“का पण? किती महिने झाले! वहिनींना काय बरं वाटत असेल?”

रहमान म्हणाला, “हमारे यहाँ मर्द का सोग तीन दिन। तुम्हारा तो अगले सीझन में जा रहा है, मियाँ।”

केरबानं भिंतीचा एक पोपडा नखानं काढला. मग भिंतीलाच सांगितल्यासारखा म्हणाला, “सासुरवाडीचं कोण आल्याबिगर मी कसा उठू? आणि खरं सांगू रंगनाथ? मला रडूच आलेलं न्हाई. दुखवटा बसलाच न्हाई, तर निघंल कसा?”

रंगनाथच्या डोक्यात एवढंच राहिलं: सासुरवाडीचं माणूस पाहिजे. मुक्ताबाईंचं माहेर माळेवाडी, राधानगरीच्या रस्त्याला. त्यांच्या घरचा सख्खा भाऊबंदच पाहिजे असंही नाही. बाईच्या माहेरच्या गावचा कुणीही तिचा भाऊच लागतो. रंगनाथनं कतार धुंडाळलं. सुताराला विचारलं, क्रेनवाल्याला विचारलं, भाजीबाजारात मराठी ऐकू आलं की मागनं जाऊन खांद्यावर हात ठेवला. सांगलीचे भेटले, साताऱ्याचे भेटले. माळेवाडीचा एक नाही. तिकडं व्हिला फायनलला पोचली, रॉटरडॅमला बायर्न म्युनिकबरोबर खेळलीसुद्धा, आणि कॅसेट निघाली.

त्या शुक्रवारी दुपारी, जूनच्या उन्हात, घरापुढं एक पिकअप येऊन थांबली. रंगनाथ तिच्यातनं एका माणसाला घेऊन आत आला. अंगात घडीच्या खुणा असलेला नवा शर्ट, काखेत पिशवी, कपाळावर घाम.

“केरबा, हे पोपटराव. समैस्म्याला, तिकडं उत्तरेला कोळ्यांच्या गावात, एका अरबाकडं ड्रायव्हर आहेत. वहिनींच्या माळेवाडीचे!”

केरबा भिंतीकडनं वळला. उठून उभा राहिला. पाव्हणा म्हटल्यावर अंग आपोआप उठतं.

“या, बसा. माळेवाडीत कुठलं?”

“ते... खालच्या आळीतलं,” पोपटराव म्हणाला. “मह्या घरापासून तुमची सासुरवाडी लई लांब न्हाई.”

‘मह्या’! कोल्हापूरच्या मातीत कुणी बापजन्मी ‘मह्या’ म्हणायचं नाही. हा गडी बीड-परभणीकडचा हे खोलीतल्या पंख्यालासुद्धा कळलं असेल. रंगनाथ एसीकडं बघू लागला.

“अस्सं,” केरबा म्हणाला. “सासूबाईंचं गुडघं कसं हाईत?”

“आता झ्याक हायेत की! म्या आलो तव्हा नदीवरून धुणं घेऊन येऊलाल्या होत्या.”

केरबाची सासू त्याच्या लग्नाआधीच वारली होती. लग्नात तिच्या जागी मावशी उभी राहिली होती. आता केरबानं नुसतं ‘व्हय का?’ म्हटलं असतं तरी बिचारा पाव्हणा जमिनीत गेला असता. केरबा त्याच्याकडं बघत राहिला. राग यायला हवा होता, तोही येईना. पोपटरावानं पिशवी उघडली. त्यातनं पांढरा टॉवेल निघाला, नवी टोपी निघाली, पुडीत खजूर निघाले, आणि तळाशी कागदात गुंडाळलेला एक चांगला हातभर मासा.

“ह्यो आमच्या अरबानं दिला,” पोपटराव ओशाळून म्हणाला. “दुखवट्याला जायचंय म्हन्लं त्याला. रिकाम्या हातानं जाऊ नको म्हन्ला.”

रहमान खो-खो हसला आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला.

“एवढं सांगा,” केरबा म्हणाला, “कुणाचा दुखवटा काढायला आलाईसा?”

“बहिणीचा,” पोपटराव म्हणाला. मग घसा खाकरून, शाळेत गुरुजींपुढं उभं राहिल्यासारखा, “मुक्ताबाईचा.”

केरबाच्या लक्षात आलं, की त्या तारेनंतर हे नाव त्यानं कुणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. सगळे ‘वहिनी’ म्हणत, ‘तुझी मंडळी’ म्हणत, रहमान ‘भाभी’ म्हणे. त्यानं स्वतःही उच्चारलं नव्हतं. आणि हा कुठला कोण माणूस, ज्यानं तिला कधी पाहिलं नाही, तो समैस्म्यापासनं वाळवंटातनं गाडी हाकत तिचं नाव घोकत आला होता.

केरबानं मान खाली घातली.

पोपटरावानं खांद्यावर टॉवेल टाकला. टोपी घातली, ती मोठी होती, कानावर आली. खजूर तोंडात भरवला. “उठा पाव्हणं,” तो म्हणाला, “आता कामाला लागा.” पाठ करून आलेलं, पण बरोबर म्हटलं.

रंगनाथनं कॅसेट सरकवली. केरबानं खाट फिरवली.

सामना बघताना त्याला काही वाटलं म्हणावं, तर तसं नाही. हिरवं मैदान, माणसं पळतायत, एवढंच. दहा मिनिटं झाली नाहीत तोवर व्हिलाचा गोलकीपर दुखऱ्या खांद्यानं बाहेर गेला. बदली पोरगा आत आला. कॉमेंटरीतलं रहमाननं साहेबाकडनं ऐकून ठेवलेलं, तो म्हणाला, “ये बच्चा बड़ी टीम में एक ही मॅच खेला है।” बायर्नवाले त्या पोराच्या अंगावर धावून यायला लागले. पोरगं अडवत होतं, पण गोलाच्या रेषेला चिकटून.

“पुढं ये की रं!” केरबा म्हणाला.

मोठ्यानं नव्हे. पण म्हणाला. कुणी मान वळवली नाही. वळवली तर हा पुन्हा भिंतीकडं बघेल अशी सगळ्यांना धास्ती.

“आईच्यान, रेघंवर झोपलाईस काय? पुढं ये!”

उत्तरार्धात व्हिलाच्या फॉरवर्डनं जवळनं चेंडू ढकलला, तो खांबाला लागून आत गेला. एकच गोल, आणि तेवढ्यावरच कप. खोली पहिल्यासारखी ओरडली. केरबा ओरडला नाही, पण टोपी सरळ केली.

सामना संपला तसा पोपटराव उठला. अरबाची गाडी वेळेत न्यायची होती. केरबा त्याला पोचवायला उन्हात बाहेर आला. पिकअपच्या दाराला हात लावून पोपटराव थांबला.

“भाऊ, एक सांगतो. म्या तिकडचा न्हाई. रंगनाथनं हातापाया पडून आणलं. महं गाव गेवराईकडं.”

“ठावं हाय.”

“कव्हापासून?”

“तू तोंड उघडल्यापासनं. सासूबाईंचं धुणं ऐकून तर खात्रीच झाली. त्या आमच्या लग्नाआधीच वारल्यात.”

पोपटरावानं कपाळावर हात मारून घेतला. “मंग टोपी कामून घालून घेतली?”

“आता घातलीस न्हवं? मग म्हेवणा झालास. म्हेवण्याला जेवल्याबिगर सोडायची आमच्यात रीत न्हाई. अरबाला सांग, पाव्हण्यांनी धरून ठेवलं. मासा हाईच.”

“दुखवट्याला मासा?”

“दुखवटा निघाला की रं खुळ्या. तूच काढलास.”

पोपटराव हसला. केरबाला हसू आलं नाही. गाल अजून जडच होता. तो गाडीच्या सावलीत उकिडवा बसला, टॉवेलानं मान पुसली.

“बस जरा,” तो म्हणाला. “तुझी बहीण कशी होती ते तुला ठावं नको? नाकात बोलायची. तिखट असं करायची की पाव्हणं रडत उठायचं. पहिल्यांदा मॅच बघायला आणली तर म्हणाली, एवढी बाप्यं एका चेंडूमागं, प्रत्येकाला एकेक घेऊन का देत न्हाई?”

पोपटराव चाकाला टेकून बसला. “मंग तुम्ही काय म्हन्ले?”

“काय म्हणणार? मुक्ता म्हणली ते खरं, म्हटलं.”

आणि केरबा सांगत गेला. आतनं रंगनाथनं मासा साफ करायला हाक मारली, पुन्हा मारली, मग खिडकीतनं बघून तो मागं वळला आणि त्यानं स्वतःच मासा धुवायला घेतला.